लॉकडाऊनमधला १८८चा गुन्हा अजून मानगुटीवर, आणि साथीच्या काळात कोर्ट नक्की कोणाचं?

मंगेश_सातारा

मंडळी, एक घरगुती प्रश्न आहे, त्याला लागून एक मोठाही आहे.

धाकट्या भावाला जर्मनीत नोकरी मिळतेय. पासपोर्टच्या पोलीस व्हेरिफिकेशनला गेला तर हवालदार म्हणाला, "तुमच्यावर गुन्हा दाखल आहे." एप्रिल २०२० मध्ये आईच्या बीपीच्या गोळ्या आणायला निघाला होता. नाक्यावर अडवलं, प्रिस्क्रिप्शन दाखवलं तरी गाडी लावून घेतली, उठाबशा काढायला लावल्या आणि एका कागदावर सही घेतली. तो समजला दंडाची पावती असेल. आता ट्रंकेतून ती कार्बनची पुसट प्रत शोधून काढली, तर त्यावर "भा.दं.वि. १८८, २६९ सह साथरोग अधिनियम १८९७" असं लिहिलंय. त्यानंतर आजवर ना समन्स, ना तारीख.

पहिला प्रश्न: हे निस्तरायचं कसं?
दुसरा: साथ आली की सरकारला वाटेल ते करायची मुभा मिळते असंच दिसलं. तेव्हा एकट्यादुकट्या माणसाचे हक्क कोर्टाने खरंच राखले का? की "परिस्थिती गंभीर आहे" एवढ्यावर सगळं माफ? माझं मत: राखले, पण लोक घरी परतल्यावर. अनुभव लिहा.

टवाळ

गोळ्या आणायला गेला तो आरोपी. ४ मेला वाइनशॉपच्या रांगेत उभा राहिला असता तर पोलीस बंदोबस्तात घरी आला असता.

काळाकोट

मंगेश, आधी एक गोष्ट बघा. गुन्हा फक्त पोलीस ठाण्याच्या दप्तरात आहे की कोर्टात केस नंबर पडलाय? ई-कोर्टच्या संकेतस्थळावर भावाचं नाव आणि पोलीस ठाणं-गुन्हा नंबर, दोन्ही टाकून शोधा. तालुक्याच्या कोर्टात नावाचं स्पेलिंग काहीही असतं, त्यामुळे एकदा शोधून सोडू नका.

कारण असं की १८८, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याचा आदेश मोडणं, हे विचित्र कलम आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५ नुसार ज्या अधिकाऱ्याचा आदेश मोडला त्याने, किंवा त्याच्या वरिष्ठाने, कोर्टात लेखी तक्रार द्यावी लागते. नुसत्या पोलिसांच्या आरोपपत्रावर कोर्टाने १८८ ची दखल घ्यायची नसते. लॉकडाऊनमध्ये गठ्ठ्याने गुन्हे नोंदवले तेव्हा हे पाहायला कोणाला वेळ होता? (आता संहिता बदलली, १ जुलै २०२४ पासून १८८ च्या जागी न्याय संहितेचं २२३ आलं. भावाचं प्रकरण जुन्याच कलमांखाली राहील.)

एक ताकीद. कोणी म्हणेल, लोक अदालतीत जाऊन "कबूल" म्हणा, शेदोनशे रुपये भरा, विषय संपला. तसं करू नका. ती शिक्षा ठरते आणि पुढे प्रत्येक फॉर्मवर "होय" लिहावं लागतं.

पेठकर

दुसऱ्या प्रश्नाचं मूळ शोधायचं तर १८९७ ला जावं लागतं, आणि ते आमच्या गावात आहे. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने चार कलमांचा कायदा घाईघाईने मंजूर केला. दुसऱ्या कलमाने सरकारला साथ रोखण्यासाठी लागेल तो आदेश काढायचा अधिकार, तिसऱ्याने मोडणाऱ्याला १८८ ची शिक्षा. चौथं फार कोणी वाचत नाही. या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही, असं ते म्हणतं. म्हणजे कोर्टाचं दार कायद्यानेच ओढून घेतलेलं.

मग पुण्यात रँडची प्लेग कमिटी, गोऱ्या सोजिरांकडून घरझडत्या, सामान रस्त्यावर, बायकांची तपासणी. २२ जून १८९७ ला गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या. त्याचा लष्करी सोबती आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. पुढचं बघा. त्या काळात कोर्टात उभा राहिला कोण? घर उपसलेला माणूस नव्हे, टिळक. केसरीतल्या लेखनाबद्दल राजद्रोह, मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅची, ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी, निकालही सहा विरुद्ध तीन. दीड वर्षाची सक्तमजुरी.

तोच कायदा, तेच तिसरं कलम २०२० मध्ये तुमच्या भावाच्या कागदावर आलं.

टवाळ

आले! पुण्याचा माणूस असून टिळकांवर यायला चौथा प्रतिसाद लागला, फाऊल.

पेठकर

@टवाळ, तिसरा. तुमचे दोन्ही प्रतिसाद मोजत नाही आम्ही.

वॉर्ड_नं_सात

मी सरकारी रुग्णालयात होते, नाव-गाव सांगत नाही. थोडी उलटी बाजू.

इथे "एकट्या माणसाचे हक्क" म्हटलं की डोळ्यांसमोर नाक्यावर अडवलेला माणूस येतो. माझ्या डोळ्यांसमोर पीपीई किट घालून आठ तास पाणी न प्यायलेली सिस्टर येते, जिला तिच्या सोसायटीने लिफ्ट वापरू दिली नाही. तिचे हक्क कोण राखणार होतं? डॉक्टरांवर दगडफेक झाली तेव्हा २२ एप्रिल २०२० ला याच १८९७ च्या कायद्यात वटहुकूम काढून हल्लेखोरांना कडक शिक्षा आणावी लागली. माणसं ताप लपवून लग्नाला जायची आणि आमच्याकडे पंगतच्या पंगत भरती व्हायची.

त्यामुळे "सरकारने जुलूम केला" एवढंच वाक्य मला पटत नाही. साथीत माझा हक्क आणि शेजाऱ्याचा जीव एकाच जिन्यात राहतात. कोर्टाने दोघांकडे बघावं.

बाकी उठाबशा काढायला लावणं कुठल्याच साथरोगशास्त्रात बसत नाही, ते मान्य.

लोकलवाली

@वॉर्ड_नं_सात, ताई, पटतं. पण नियम करणाऱ्यांनी निदान गणित तरी करावं.

१५ ऑगस्ट २०२१ पासून लोकल फक्त दोन डोस झालेल्यांना, वर दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस. आता बघा. १८ ते ४४ वाल्यांना लस उघडली १ मेला. बारा दिवसांत राज्याने तुटवड्यामुळे या गटाचं लसीकरण थांबवलं. कोव्हिशील्डच्या दोन डोसांतलं अंतर ८४ दिवस. म्हणजे मेच्या पहिल्या दिवसांत ज्याचं नशीब फळफळलं त्यालाच ऑगस्टच्या मध्यात पास मिळणार. मी ३१ ची, कोविनवर रात्री बोटं झिजली. अंबरनाथ ते दादर. एसटी, मग बस, मग शेअर रिक्षा, पगाराचा चांगला हिस्सा त्यात. ऑफिसातल्या पन्नाशीच्या साहेबांना पास होता आणि ते घरून काम करत होते!

लस घ्यायला माझा विरोध नव्हताच. लस मिळत नव्हती. "न घेणारे" आणि "न मिळालेले" एकाच चाळणीत घातले, राग त्याचा आहे.

निसर्गप्रेमी

म्हणूनच सुप्रीम कोर्टाने लससक्ती घटनाबाह्य ठरवली. शरीर आपलं, निर्णय आपला. विषय संपला.

चिकित्सक

@निसर्गप्रेमी, विषय तिथे सुरू होतो. जेकब पुलियेल विरुद्ध भारत सरकार, २ मे २०२२, न्या. नागेश्वर राव आणि न्या. गवई. निकालात तीन-चार गोष्टी एकत्र आहेत, व्हॉट्सअ‍ॅपवर एकच फिरली.

(अ) राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये (जीवन आणि स्वातंत्र्याचा हक्क) स्वतःच्या शरीरावरचा हक्क येतो, कोणाला जबरदस्तीने लस टोचता येणार नाही.
(आ) केंद्राचं लसीकरण धोरण अवाजवी किंवा मनमानी म्हणता येत नाही.
(इ) समाजाच्या आरोग्यासाठी सरकार व्यक्तीच्या हक्कांवर मर्यादा घालू शकतं, पण ती मर्यादा कायदेशीर, गरजेपुरती आणि प्रमाणात हवी.
(ई) लस न घेतलेल्यांकडून संसर्गाचा धोका घेतलेल्यांपेक्षा जास्त आहे असं दाखवणारी माहिती सरकारांनी कोर्टासमोर ठेवली नाही, म्हणून तेव्हा लादलेली बंधनं प्रमाणाबाहेरची.

म्हणजे "लस वाईट" असं कोर्ट कुठेही म्हणालं नाही, उलट धोरण उचलून धरलं. ते म्हणालं: बंधन घालायचंय? आकडे आणा.

आणि मंगेशच्या मुद्द्याला पुरावा हवा तर तारीख बघा. महाराष्ट्राने सगळे निर्बंध उठवले १ एप्रिल २०२२ ला. निकाल त्यानंतर महिन्याने.

लोकलवाली

हायकोर्टातही तसंच झालं. लोकलबंदीवर जनहित याचिका होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुख्य न्यायमूर्तींच्या खंडपीठाने विचारलं, राज्य कार्यकारी समितीला न विचारता मुख्य सचिवांनी एकट्याने हे आदेश काढले कसे? तोवर माझे दोन्ही डोस होऊन पास खिशात. आनंद झाला म्हणायचं, दुसरं काय.

निसर्गप्रेमी

(अ) मध्ये मी म्हणालो तेच आहे.

चिकित्सक

हो, आणि (आ) मध्ये नाही तेच आहे.

म्हापशेकार

गोव्याची एक गोष्ट सांगतो. ही साथ वेगळी होती, पण कोर्टाचा प्रश्न हाच.

१९८९. डॉमनिक डिसोझा नावाचा आमचा तरुण रक्तदान करायचा. एक दिवस पोलीस घेऊन गेले. रक्तात एचआयव्ही सापडला होता, आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला वेगळं डांबून ठेवायची तरतूद होती. म्हापशाच्या जुन्या क्षय रुग्णालयाच्या इमारतीत त्याला एकट्याला ठेवला. ६४ दिवस. गुन्हा काही नाही, फक्त रक्ताचा रिपोर्ट. आई लुसी हायकोर्टात गेली. आता कोणालाही वाटेल, कोर्टाने तरतूद उडवली असेल. नाही! लुसी डिसोझा विरुद्ध गोवा राज्य या निकालात हायकोर्टाने तरतूद वैध ठरवली. समाजाचं हित आणि एकट्याचा हक्क यांत झुंज लागली तर समाजाचं हित वरचढ, आणि कोणाला वेगळं ठेवायचं ते तज्ज्ञांचं काम, असा एकंदर सूर.

डॉमनिकने नंतर 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था काढली आणि १९९२ मध्येच तो गेला. लहानपणी आमच्याकडे त्या इमारतीजवळून जाताना लोक आवाज खाली आणत.

तेव्हा मंगेशबाब, "कोर्टाने उशिरा राखले" हे तुमचं म्हणणं थोडं गोडच आहे. कधी कधी राखलेच नाहीत.

काळाकोट

म्हापशेकार, फार चांगला प्रतिसाद. याला जोडूनच, याच मुंबई हायकोर्टाने आठ वर्षांनी, १९९७ मध्ये, उलट दिशेने पाऊल टाकलं. एका सार्वजनिक उपक्रमातला हंगामी मजूर, चाचणीत एचआयव्ही निघाला म्हणून यादीतून नाव काढलं. कोर्ट म्हणालं, तो काम करण्याइतका धडधाकट आहे आणि सोबतच्यांना त्याच्यापासून धोका नाही, तर रोजगार नाकारता येणार नाही. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: त्याचं नाव उघड होऊ नये म्हणून निकालात तो फक्त 'एमएक्स' आहे आणि कंपनी 'झेडवाय'. नाव लपवता येत नसेल तर अशी माणसं कोर्टाची पायरी चढतच नाहीत.

वॉर्ड_नं_सात

आणि कोविडात आपण काय केलं? हातावर शिक्के, दारावर पत्रे, सोसायटीच्या ग्रुपवर नावं.

रानपाखरू

शिक्क्यावरून. मार्च २०२० मध्ये दुबईहून आले, विमानतळावर डाव्या हाताच्या पाठीवर मतदानाच्या शाईने शिक्का मारला, क्वारंटाइन कधी संपतं ती तारीख त्यावर. संपली तारीख, पण शाई जाईना. दुधाच्या पिशव्या घ्यायला ओढणी हातावर गुंडाळून जायचे. एकाने तरी रांगेतून ढकललंच. दारावरच्या स्टिकरबद्दल डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की सक्षम अधिकाऱ्याचा आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश असल्याशिवाय पोस्टर लावू नका. आमच्या शेजाऱ्यांचं स्टिकर तोवर पावसात गळून पडलं होतं.

नगरी_पाव्हणा

कोणी तबलिगी प्रकरणाचा विषय काढत नाहीये म्हणून मी काढतो. २१ ऑगस्ट २०२०, औरंगाबाद खंडपीठ, न्या. नलावडे आणि न्या. सेवलीकर. आमच्या नगर जिल्ह्यात मशिदींत राहिलेल्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द. आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, इंडोनेशिया असल्या देशांतले. रीतसर व्हिसावर आलेले. कोर्टाने स्पष्ट म्हटलं की साथ आली की सरकारला बळीचा बकरा लागतो आणि या लोकांना तसं निवडलं गेल्याची शक्यता दिसते. निकाल एकमुखी, पण न्या. सेवलीकरांनी कारणमीमांसेतल्या काही भागाशी आपण सहमत नाही असं वेगळं नोंदवलं. हा निकाल मात्र साथ भरात असताना आला. मंगेशच्या म्हणण्याला अपवाद.

बाणेदार

त्यांनी नियम मोडले नव्हते का? जाहीर सूचना होत्या. आम्ही घरात बसलो ते मूर्ख म्हणून?

नगरी_पाव्हणा

घरात बसायला घर लागतं. विमानं बंद झाल्यावर ते जाणार कुठे होते?

बाणेदार

तुमच्यासारख्यांमुळेच

[उरलेला मजकूर संपादित]

संपादक

कायद्यावर बोला, एकमेकांवर नको. पुढच्या वेळी धागा वाचनमात्र होईल.

न्यूजर्सीकर

इकडे अमेरिकेत लोक १९०५ चा जेकबसन खटला उगाळतात. मॅसॅच्युसेट्समध्ये देवीची लस नाकारली म्हणून जेकबसनला ५ डॉलर दंड, सुप्रीम कोर्टाने सक्ती उचलून धरली. धरून बांधून टोचायची गोष्ट तिथेही नव्हती, फक्त दंड. मग नोव्हेंबर २०२० मध्ये न्यूयॉर्कने प्रार्थनास्थळांत १० आणि २५ माणसांची मर्यादा घातली, तर सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने तिला स्थगिती दिली. साथ संपली नव्हती, लसही आली नव्हती. तिकडे उशीर, इकडे घाई, असं माझ्या डॉक्टर बायकोचं मत. माझं मत तिने विचारलेलं नाही.

मुक्काम_जालना

वाचतोय सगळं. लस, लोकल, पासपोर्ट. करमाडच्या रुळांवर ८ मे २०२० ला पहाटे मालगाडीखाली १६ मजूर गेले. ते जालन्याहून चालत निघाले होते, मध्य प्रदेशात घरी जायला. आठवड्याने सुप्रीम कोर्टात अर्ज आला की रस्त्याने चालणाऱ्यांना अन्न-पाणी, वाहन द्यायला सांगा. कोर्ट म्हणालं, लोक चालतच राहिले तर आम्ही कसं थांबवणार? अर्ज फेटाळला. २६ मेला मग कोर्टाने स्वतःहून दखल घेतली, २८ ला रेल्वे-बसचं भाडं मजुरांकडून घेऊ नका म्हणून आदेश दिला. ९ जूनला १५ दिवसांत सगळ्यांना पोचवा म्हणाले, आणि मजुरांवरचे आपत्ती कायद्याचे गुन्हे मागे घेण्याचा विचार करा असंही.

ते रूळ मी पाहिलेत, दुसऱ्या दिवशी. फोटोतल्या चपात्या तुम्हीही पाहिल्यात.

पेठकर

_/\_

काळाकोट

मुक्काम_जालना यांच्यानंतर लिहायला अवघड जातंय, तरी एक निकाल नोंदवते, कारण तो वेळेत आला आणि त्याचं नाव फार कोणाला माहीत नाही. एस. कासी, १९ जून २०२०.

मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने दावे-अपिलांच्या मुदती थांबवल्या. वकिलांना हायसं वाटलं. पोलीस म्हणाले, मग आमचीही मुदत थांबली! म्हणजे ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र न आल्यास आरोपीला आपोआप जामिनाचा हक्क मिळतो, तोही थांबला. मद्रास हायकोर्टात एका न्यायमूर्तीने नाही म्हटलं, दुसऱ्याने हो. सुप्रीम कोर्टाने ठणकावलं की मुदतवाढ पक्षकारांच्या अडचणीसाठी होती, माणसाला जास्त दिवस कोठडीत ठेवण्यासाठी नाही, आणि लॉकडाऊन म्हणजे आणीबाणी नव्हे. १९७६ च्या जबलपूर खटल्याची (आणीबाणीत डांबलेल्यांना कोर्टात दाद मागता येणार नाही, असं म्हणणारा) आठवणही काढली. माझा एक अशील त्या निकालाच्या छापील प्रतीवर बाहेर आला. न्यायाधीश व्हिडिओवर, मी घरच्या ओट्याजवळ कोट घालून, मागे कुकर.

यात कोणाची बाजू घेण्याचा प्रश्न नव्हता. कायद्यात दिवस मोजून दिलेले होते. माझा अनुभव असा की कायद्यात जिथे आकडा आहे तिथे कोर्टं साथीतही खंबीर राहिली. जिथे "योग्य ती उपाययोजना" असले शब्द आहेत तिथे बहुतेक वेळा सरकारवर सोपवलं. १८९७ चा कायदा दुसऱ्या जातीचा. नवा आणताना किती दिवस, कोणाच्या सहीने, अपील कुठे, एवढं जरी लिहिलं तरी पुष्कळ होईल.

टवाळ

कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते निकालपत्रात आलं का?

काळाकोट

तीन. न्यायाधीश म्हणाले, "वकीलबाई, आधी गॅस बंद करा."

मंगेश_सातारा

एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. म्हापशेकारांचा मुद्दा डोक्यात घोळतोय.

आता पहिला प्रश्न. ई-कोर्टवर भावाचं नाव तिन्ही स्पेलिंगने शोधलं, गुन्हा नंबर टाकूनही पाहिलं, काहीच नाही. पोलीस ठाण्यात विचारलं तर "कागद वर पाठवलेत" म्हणाले. वर म्हणजे कुठे ते सांगेनात. पासपोर्टवाल्यांना काय सांगायचं?

काळाकोट

बरं झालं. मग असं करा.

कोर्टात जाऊन लेखी अर्ज द्या की या गुन्हा नंबरवर आरोपपत्र किंवा तक्रार दाखल आहे का. नसल्यास तसा दाखला मिळावा. हा कागद सगळ्यात महत्त्वाचा. पासपोर्ट कायद्याचं कलम ६(२)(फ) फौजदारी कोर्टात *प्रलंबित* कार्यवाहीबद्दल बोलतं. कोर्टाने दखलच घेतली नसेल तर नुसत्या एफआयआरवर पासपोर्ट अडवता येत नाही. फॉर्मवर लपवू नका, "एफआयआर आहे, कोर्टात प्रकरण नाही" असं लिहा आणि दाखला जोडा.

दुसरं, मुदत. १८८ आणि २६९ (निष्काळजीपणे रोग पसरवणं) दोन्हींना जास्तीत जास्त सहा महिन्यांची शिक्षा. अशा गुन्ह्याची दखल घ्यायला संहितेच्या ४६८ खाली एक वर्ष. सरकारी वकील कोविडचा वगळलेला काळ, १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२, हिशेबात धरतील. धरू द्या. तरी २०२३ च्या फेब्रुवारीअखेर मुदत संपली. २७० (तेच, पण दुष्ट हेतूने) लावलेलं नाही ना, ते मात्र कार्बन प्रत भिंगाखाली धरून बघा, त्याला दोन वर्षांची शिक्षा आहे आणि मुदत तीन वर्षं.

तिसरं, राज्य सरकारने २०२२ मध्ये लॉकडाऊनमधले १८८ चे गुन्हे मागे घ्यायचं ठरवलं होतं. पण ते आपोआप होत नाही, सरकारी वकिलाने कलम ३२१ खाली कोर्टाकडे परवानगी मागावी लागते. तुमच्याकडे केसच नाही, तेव्हा ही वाट लागू नये. अगदीच अडलं तर हायकोर्टात गुन्हा रद्द करायचा अर्ज.

बाणेदार

मंगेश, आमच्या मेव्हण्याचं असंच झालं होतं. दाखल्याला महिनाभर फेऱ्या मारल्या. सोमवारी जाऊ नका, गर्दी असते. दुपारी तीननंतर बाबू मोकळा असतो.

मंगेश_सातारा

धन्यवाद बाणेदार, काळाकोट आणि सगळेच. प्रतीवर भिंग लावलं: १८८, २६९ आणि पुढे काहीतरी २७ आहे, शेवटचा आकडा घडीत गेलाय. २७० की २७१?

काळाकोट

फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. २७१ असेल तर ते क्वारंटाइन मोडण्याचं कलम, शिक्षा सहाच महिने. पण भाऊ क्वारंटाइनमध्ये होता का त्या वेळी?

मंगेश_सातारा

नाही हो. गोळ्या आणायला गेला होता.